इंग्रजीचे प्राध्यापक परदेशी जाऊन काय शिकून येतात?

रहिमतपूर, कोरेगाव, मसूर या पट्ट्यात लग्नाच्या मांडवात इंग्रजीचा प्राध्यापक सापडला की त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. पोरगी पहिलीपासून इंग्रजी शिकली. बारा आणि तीन, पंधरा वर्षं झाली. तरी मुलाखतीला बसली की 'माय नेम इज'च्या पुढं गाडी सरकत नाही. असं का? विचारणारा जरा माहीतगार असला तर त्याचा पुढचा प्रश्नही तयार असतो. तुमच्यातले काही जण लंडनला, अमेरिकेला जाऊन ट्रेनिंग घेऊन येतात म्हणे, ते कसलं? इंग्रजी तर त्यांना आधीच येत असतं ना?

हा दुसरा प्रश्न वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. आपल्याकडे प्राथमिक शिक्षकाला डी.एड. लागतं, हायस्कूलच्या शिक्षकाला बी.एड. लागतं. महाविद्यालयात मात्र एम.ए. आणि नेट किंवा सेट झालं की भागतं. शेक्सपिअर, मिल्टन, इलियट यांच्यावरचे पेपर लिहून झाले की माणूस थेट शंभर मुलांच्या वर्गापुढं उभा राहतो. शिकवायचं कसं, हे त्याला तोवर कुणी विचारलेलंच नसतं. परदेशातलं ट्रेनिंग हे बहुतेक वेळा त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. ते समजायला आधी थोडं मागं जावं लागेल.

१. पंधरा वर्षांचा हिशेब

आधी साधी आकडेमोड करू. तास चाळीस मिनिटांचा, वर्गात साठ मुलं. शिक्षक तीस मिनिटं बोलले आणि उरलेली दहा मिनिटं त्यांनी मुलांना बोलायला दिली, असं उदार मनानं धरू. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. साठ जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला १०. वर्षाचे कामाचे दिवस २०० धरले तर २,००० सेकंद, म्हणजे साधारण ३३ मिनिटं. पंधरा वर्षांची बेरीज सव्वाआठ तासांच्या आसपास जाते. तीही मागच्या बाकावरच्या मुलानं आपली दहा सेकंदं पुढच्या हुशार मुलाला देऊन टाकली नाहीत तर.

मुलगी पंधरा वर्षं इंग्रजी शिकली असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर पंधरा वर्षं तिनं इंग्रजीबद्दल ऐकलेलं असतं. बोललेली असते ती सव्वाआठ तास.

आपल्याकडचे वाद मात्र इयत्तेवरून झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीवर गेलं, पुढं पाचवीवर आलं आणि रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना जून २००० पासून पहिलीवर. पहिली-दुसरीच्या नव्या पुस्तकांत गाणी, सूचना, ऐकणं-बोलणं यांना बरीच जागा होती, हे नाकारता येणार नाही. पण वरच्या वर्गांत परीक्षा जवळ आली की तासाचा ताबा पुन्हा फळ्याकडं आणि गाइडांकडं जातो. कितव्या इयत्तेपासून शिकवायचं यावर भांडणं सोपं असतं, कारण त्याला शासननिर्णय पुरतो. तासात कोण बोलणार हे शासननिर्णयानं ठरत नाही.

२. भाषांतर आणि साचे

मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकवलं ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं. नियम वाचा, शब्द पाठ करा, मग मराठी वाक्याचं इंग्रजी करा आणि इंग्रजीचं मराठी. या पद्धतीला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. ती स्वस्त होती, घरी बसून करता येत होती, शिकवणाऱ्याला अस्खलित बोलता आलं नाही तरी चालत होतं आणि उत्तर बरोबर की चूक हे तपासता येत होतं. तिनं वाचणारे तयार केले, अर्ज आणि दस्तऐवज लिहिणारे तयार केले. बोलणारे तयार करणं हा तिचा हेतूच नव्हता.

दुसरी पद्धत आली ती वाक्यांच्या साच्यांची. मास्तर हातात पेन धरून म्हणतात, 'धिस इज अ पेन', वर्ग एका सुरात म्हणतो, 'धिस इज अ पेन'. मग पुस्तक, मग छत्री. साचा तोच, फक्त वस्तू बदलायची. सोप्या साच्याकडून अवघड साच्याकडं पायरी पायरीनं जायचं. सवयीनं भाषा जिभेवर बसते, असा त्यामागचा विश्वास होता. १९५० नंतर भारतात या पद्धतीचा मोठा बोलबाला झाला.

शिक्षकांच्या ट्रेनिंगची एक जुनी आणि बोलकी गोष्ट याच काळातली आहे. मद्रास राज्यात इंग्रजीची सुरुवात करून देणाऱ्या २७,००० शिक्षकांना ही नवी पद्धत शिकवायचं ठरलं. इतक्यांना तज्ज्ञ पुरणार कुठून? म्हणून थोड्यांनी पुढच्यांना शिकवायचं, त्यांनी आणखी पुढच्यांना, असं वाढत जायचं. या मोहिमेला 'मद्रासचा हिमगोल' असंच नाव पडलं. उतारावरून घरंगळत जाताना बर्फाचा गोळा मोठा होत जावा, ही कल्पना. आजही शिक्षणखात्याची बहुतेक प्रशिक्षणं याच वाटेनं जातात. राज्यस्तर, जिल्हास्तर, तालुकास्तर, केंद्रस्तर. ज्यांनी केंद्रस्तरावरचं प्रशिक्षण चहा-बिस्किटांसह अनुभवलं आहे त्यांना ठाऊक आहे की खाली येता येता गोळा वाढत नाही, वितळत येतो.

याच काळात महाविद्यालयीन शिक्षकांसाठी एक मोठं काम झालं. १९५८ साली हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झाली. फोर्ड फाउंडेशन आणि ब्रिटिश कौन्सिलचं तिला साहाय्य होतं. सुरुवातीच्या वर्षांत तिची धुरा वाहणारे विनायक कृष्ण गोकाक म्हणजे कन्नडचे मोठे कवी आणि पुढं ज्ञानपीठाचे मानकरी. आपल्या दृष्टीनं जवळची गोष्ट अशी की ऑक्सफर्डहून परतल्यावर ते सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्या हैदराबादच्या संस्थेचं आता विद्यापीठ झालं आहे. इंग्रजीच्या स्टाफरूममध्ये तिला 'इफ्लू' म्हणतात, आणि तिथला इंग्रजी अध्यापनाचा अभ्यासक्रम करून आलेला माणूस दोन मिनिटांत ओळखू येतो. तो मुलांकडं तोंड करून बोलतो.

३. संवादाची पद्धत आली कुठून?

साच्यांनी शिकलेल्या मुलांची एक अडचण जगभर सारखीच निघाली. वाक्य बरोबर, पण वेळ चुकलेली. व्याकरणात पैकीच्या पैकी गुण घेणारा मुलगा विभागप्रमुखांना 'गिव्ह मी लीव्ह' म्हणतो आणि साहेबांच्या कपाळावर आठी का आली हे त्याला कळत नाही. 'सर, रजा द्या' या आपल्या वाक्यातला आदर क्रियापदातच असतो. इंग्रजीत तो वाक्याच्या बांधणीतून आणावा लागतो, 'कुड आय' किंवा 'मे आय' म्हणून. हे व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीत असतं आणि वापरात सगळीकडं असतं.

अमेरिकी अभ्यासक डेल हाइम्स यांनी १९६०-७० च्या दशकांत हेच नेमकं मांडलं. भाषा येणं म्हणजे फक्त शुद्ध वाक्य करता येणं नव्हे, कुणाशी, कधी, काय आणि कसं बोलायचं हेही येणं. इकडं युरोपात वेगळीच निकड होती. कामासाठी एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या प्रौढांना भाषा हवी होती आणि त्यांच्यापाशी तर्खडकर पुरे करायला वेळ नव्हता. १९७१ पासून कौन्सिल ऑफ युरोपनं तज्ज्ञांना कामाला लावलं. त्यांनी अभ्यासक्रम उलटाच धरला. आधी काळ, मग कर्तरी प्रयोग, मग कर्मणी असं न जाता माणसाला भाषेनं काय करायचं असतं याची यादी केली. विचारणं, नाकारणं, माफी मागणं, रस्ता सांगणं, तक्रार करणं. हा विचार मांडणारं डेव्हिड विल्किन्स यांचं पुस्तक १९७६ चं आणि हेन्री विडोसन यांचं १९७८ चं. विडोसन यांनी आधी श्रीलंका आणि बांगलादेशात काम केलेलं होतं, म्हणजे या विचाराला आपल्या उपखंडाचं वारं अगदीच लागलं नव्हतं असं नाही.

४. फट कशाला हवी?

आता या संवादाच्या पद्धतीच्या मुळाशी असलेली एकच कल्पना नीट समजून घेऊ.

मास्तर पेन दाखवून विचारतात, 'व्हॉट इज धिस?' मास्तरांना ठाऊक आहे, मुलाला ठाऊक आहे, आणि मास्तरांना ठाऊक आहे हेही मुलाला ठाऊक आहे. जगात कुणीही असा प्रश्न विचारत नाही. उत्तराची गरज कुणालाच नाही, म्हणून ते देताना डोकं कामाला लागत नाही.

खऱ्या बोलण्यात दोन माणसांमध्ये काहीतरी फट असते. एकाला ठाऊक असतं, दुसऱ्याला नसतं. ती बुजवायला भाषा लागते. संवादाच्या पद्धतीत शिक्षकाचं पहिलं काम म्हणजे अशी फट मुद्दाम तयार करणं. बाकावरच्या एका मुलीच्या कागदावर पुसेसावळीच्या एसटीच्या वेळा आहेत, भाडं नाही. शेजारणीच्या कागदावर भाडं आहे, वेळा नाहीत. कागद दाखवायचा नाही, विचारायचं. दोघींनाही आता विचारल्यावाचून गत्यंतर नाही. सगळा वर्ग एकाच वेळी जोड्यांनी बोलू लागला की मघाचा हिशेब बदलतो. तीच दहा मिनिटं, पण प्रत्येकीला पाच. दहा सेकंदांच्या जागी ३०० सेकंद, तिप्पट-चौपट नव्हे तर तीस पट. त्यासाठी नवा शिक्षक, नवी खोली, नवं यंत्र काहीच लागलं नाही. झेरॉक्सचे दोन कागद लागले.

५. बंगळूरचा प्रयोग, रहिमतपूरचं वेळापत्रक

जगभरच्या इंग्रजी शिक्षकांना ट्रेनिंगमध्ये एका भारतीय प्रयोगाबद्दल शिकवतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच प्राध्यापकांना तो परदेशात गेल्यावर कळतो. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि कडलूर इथल्या साध्या शाळांत तो चालवला.

प्रभूंचं म्हणणं थोडक्यात असं. मुलांचं लक्ष भाषेच्या रूपावर नको, अर्थावर हवं. त्यांना डोकं चालवायला लावणारं काम द्या. काम सोडवता सोडवता भाषा आपोआप शिकली जाईल. फटींचे त्यांनी तीन प्रकार सांगितले. माहितीची फट आपण पाहिली. दुसरी तर्काची, म्हणजे दिलेल्या माहितीवरून नवं काही काढायचं. तिसरी मताची. प्रभूंचा सगळा भर दुसरीवर.

त्यांच्या कामांत रेल्वेची वेळापत्रकं आणि नकाशे असत. आपण आपल्याच भागातलं एक काम रचून पाहू. वेळा अर्थात धड्यासाठी बनवलेल्या आहेत, त्यावर विसंबून स्टेशनवर जाऊ नका.

सुरेखाची सांगलीला ११ वाजता मुलाखत आहे. पॅसेंजर रहिमतपूरहून ७.१० ला सुटते आणि ९.३५ ला सांगलीला पोचते. एसटी ८ वाजता निघून ९ ला कराडला. कराडहून ९.१५ ची गाडी सांगली स्टँडवर १०.४५ ला. स्टँडवरून ऑफिस वीस मिनिटं. आणि सकाळी साडेसातपर्यंत सुरेखाला डेअरीत दूध घालावंच लागतं. ती कशानं जाईल? वेळेत पोचेल का?

वर्गात ते असं चालतं :

'कॅन सुरेखा टेक द ट्रेन?'

'नो सर.'

'व्हाय नॉट?'

'ट्रेन गो सेव्हन-टेन. मिल्क... सेव्हन-थर्टी.'

'राइट. द ट्रेन गोज ॲट सेव्हन-टेन, अँड शी इज ॲट द डेअरी टिल सेव्हन-थर्टी. सो व्हॉट कॅन शी टेक?'

'एसटी. एट ओक्लॉक.'

इथं काय झालं ते जवळून बघा. मुलगा 'गो' म्हणाला. सरांनी त्याला अडवलं नाही, तृतीय पुरुषी एकवचनाचा नियम फळ्यावर लिहिला नाही. त्याचा मुद्दा मान्य करताना तेच वाक्य नीट करून परत दिलं आणि पुढं गेले. मुलाच्या दृष्टीनं सरांनी त्याच्या तर्काला दाद दिली, कारण तर्क बरोबर होता. 'गोज' कानावरून गेला. असा पन्नास वेळा गेला की तो बसतो.

शेवटी वर्गाला कळतं की सुरेखा ११.०५ ला पोचणार, पाच मिनिटं उशिरा. मग कुणीतरी म्हणतंच, फोन करायचा की. फोनवर काय म्हणायचं? 'आय ॲम कमिंग लेट' चालेल का? माफी मागायची भाषा आता वर्गाला हवी असते, ती सरांच्या टाचणवहीत होती म्हणून समोर आलेली नसते.

प्रभूंची पद्धत ठरलेली होती. असं एक काम सरांनी सगळ्या वर्गाबरोबर प्रश्नोत्तरांनी करायचं, मग तसंच दुसरं प्रत्येकानं एकट्यानं. निम्म्या वर्गाला निम्मं काम जमलं तर काम योग्य पातळीचं. गटात मुलांना बसवणं त्यांनी टाळलं, कारण गटात मुलं आपसांत मोडकंतोडकंच बोलतील आणि तेच पक्कं होईल, असं त्यांना वाटे. जोड्या-गट म्हणजेच आधुनिक पद्धत, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रयोगाची पारख बाहेरच्या अभ्यासकांनी केली. प्रकल्पातली मुलं आणि नेहमीच्या पद्धतीनं शिकलेली मुलं, दोन्ही आपापल्या पद्धतीच्या चाचणीत उजवी ठरली. कुठल्याच बाजूला न झुकणाऱ्या चाचण्यांत प्रकल्पातली मुलं बरी निघाली. पण पुढच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. प्रकल्पात सामील झालेल्या नेहमीच्या शाळाशिक्षकांपैकी अनेकांना ही पद्धत पेलली नव्हती. असा तास घ्यायचा तर आयत्या वेळी इंग्रजीत प्रश्न बदलता आले पाहिजेत, मुलाच्या अडखळत्या उत्तरातला अर्थ क्षणात उचलता आला पाहिजे. हा सराव पुस्तकातून होत नाही. ट्रेनिंगची गरज इथं लागते.

६. तिकडच्या वर्गात काय करवून घेतात

वाटा बऱ्याच आहेत. अमेरिकेला जाण्यासाठी फुलब्राइट शिष्यवृत्तीची व्यवस्था भारतात १९५० पासून आहे. ब्रिटनला जाण्यासाठी राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आहे, हॉर्नबी ट्रस्टची आहे. ए. एस. हॉर्नबी म्हणजे ऑक्सफर्डच्या ज्या जाडजूड शब्दकोशावर आपण पोसलो त्याचे कर्ते. त्या कोशाच्या मानधनातून त्यांनी १९६१ साली हा ट्रस्ट उभारला. याच्या उलट दिशेनंही माणसं येतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपले इंग्रजी शिक्षक दहा महिन्यांसाठी इतर देशांच्या विद्यापीठांत तिथल्या शिक्षकांना शिकवायला पाठवतं.

नावं वेगळी, पण आतला माल पुष्कळसा सारखा असतो. केंब्रिजचं 'केल्टा' हे प्रमाणपत्र नमुन्यादाखल घेऊ. किमान १२० तासांचा अभ्यासक्रम, त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि प्रशिक्षक मागं बसून टिपणं घेणार. सहा तास म्हणजे काहीच नाही, असं वीस वर्षं शिकवलेल्या प्राध्यापकाला वाटतं. पहिल्या चाळीस मिनिटांनंतर वाटत नाही. प्रशिक्षक घड्याळ लावून सांगतात, एकतीस मिनिटं तुम्हीच बोलत होता.

अशा ट्रेनिंगमधली सर्वांत परिणामकारक गोष्ट माझ्या मते वेगळीच आहे. एके दिवशी प्रशिक्षक येतात आणि तुर्की किंवा हंगेरियनसारख्या, वर्गात कुणालाच न येणाऱ्या भाषेत शिकवायला लागतात. इंग्रजीचा शब्द नाही. सुवर्णपदक मिळवलेला माणूस 'माझं नाव अमुक' एवढं म्हणताना घामाघूम होतो. शेजाऱ्याकडं बघतो, पुटपुटतो, आपल्याला विचारू नये म्हणून मान खाली घालतो. आपल्या वर्गातली मागच्या बाकावरची पोरं काय करतात, हे त्याला अर्ध्या तासात कळतं.

शिवाय एकमेकांचे तास बघायचे असतात. आपल्याकडं वर्गाचं दार लावलं की प्राध्यापक राजा. त्याचा तास सहकाऱ्यानं बघितला तर तो अपमान समजतात किंवा चौकशी. १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली आणि रिफ्रेशर कोर्स आले, पण तिथंही बहुतांशी व्याख्यानंच होतात. 'व्याख्यान देणं कमी करा' या विषयावर दीड तासाचं व्याख्यान. बढतीच्या फाइलला प्रमाणपत्र जोडलं की काम झालं. त्या मानानं शाळांकडं चांगला प्रयत्न झाला. ब्रिटिश कौन्सिल, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या 'तेजस' उपक्रमात शिक्षकांचे छोटे गट आपल्याच भागात ठरावीक दिवशी भेटत आणि वर्गात काय केलं ते एकमेकांना सांगत. महाविद्यालयांसाठी असं काही झालं तर हवंच आहे.

७. परत आल्यावर

आता तिसरा प्रश्न. तिकडं शिकलेलं इकडं चालतं का?

तिकडच्या ट्रेनिंगमधला वर्ग पंधरा जणांचा, सुट्या खुर्च्यांचा, वेगवेगळ्या मातृभाषांचा. एकमेकांशी बोलायला त्यांना इंग्रजीशिवाय दुसरं काही नसतंच. आपला वर्ग शंभरांचा, जमिनीत रोवलेल्या बाकांचा, आणि सगळ्यांची मराठी एकच. एड्रियन हॉलिडे यांनी इजिप्तच्या विद्यापीठांत अगदी अशाच वर्गांसह काम केलं आणि १९९४ च्या पुस्तकात बजावलं की इंग्रजी देशांतल्या खासगी भाषावर्गांत घडलेली पद्धत सरकारी शिक्षणात जशीच्या तशी लादली तर ती टिकत नाही, आणि दोष मात्र शिक्षकांच्या माथी मारला जातो.

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ८६०३२ हा उसाचा वाण कोइमतूरचा, पण आपल्याकडं तो लावा असं कुणी सांगितलं ते पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात त्याच्या चाचण्या झाल्यावर. पद्धतीचं पाडेगाव कुठं आहे? ते प्रत्येक प्राध्यापकाला आपल्या वर्गातच करावं लागतं.

म्हणजे काय करावं लागतं? बाक हलत नाहीत तर शेजारच्याशी जोडी. फार तर पुढच्या बाकावरच्यांनी मागं वळायचं, चौघांचा गट झाला. वेळ चार मिनिटं, जास्त नाही, कारण पाचव्या मिनिटाला क्रिकेट सुरू होतं. काम सोडवताना मराठी बोलली तर बोलू द्यावी, उत्तर मात्र इंग्रजीत मागावं. आवाज होणारच. शेजारच्या वर्गातले सहकारी तक्रार करणार, म्हणून त्यांना आणि प्राचार्यांना आधी सांगून ठेवावं. ही शेवटची गोष्ट कुठल्याच परदेशी अभ्यासक्रमात शिकवत नाहीत आणि अनेकांचे प्रयोग पहिल्याच आठवड्यात तिथंच संपतात.

प्रभूंनी पुढं १९९० साली लिहिलं की सर्वांत चांगली पद्धत अशी एखादी नसतेच. शिकवणाऱ्याला स्वतःला पटलेलं, अनुभवानं घासलेलं आकलन असेल तर तास जिवंत होतो. ट्रेनिंगनं ते आकलन हलवायचं असतं. पद्धतींची पोतडी भरून आणून काही होत नाही.

८. दोन शंका

पहिली पालकांची. चूक सुधारली नाही तर पोर चुकीचंच शिकेल ना? शंका रास्त आहे. कॅनडात १९६५ पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंचमधूनच सगळे विषय शिकवण्याचा प्रयोग झाला. मुलं फ्रेंच उत्तम समजू लागली, पण वर्षानुवर्षं शिकूनही बोलण्यात व्याकरणाच्या चुका राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली यावरून दाखवलं की नुसतं ऐकून पुरत नाही, मुलांना बोलायला आणि नेमकं बोलायला भाग पाडावं लागतं. म्हणून जाणते शिक्षक वेळ वाटून घेतात. काम चालू असताना चुका कानाआड करायच्या आणि वहीत टिपायच्या. काम संपलं की त्यातल्या तीन-चार फळ्यावर मांडायच्या, नाव न घेता. मघाचा 'गो' तिथं येतो.

दुसरी शंका जुन्याजाणत्यांची. आमच्या वेळी हे थेर नव्हते, तरी माणसं कसलं इंग्रजी बोलायची! खरं आहे. 'रायगडाला जेव्हा जाग येते'चे नाटककार वसंत कानेटकर जन्मले रहिमतपुरात आणि नाशिकच्या महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांच्या पिढीनं नव्या पद्धतीचं नावही ऐकलं नव्हतं. पण त्या पिढीतले किती जण महाविद्यालयापर्यंत पोचले ते बघा. जे पोचले त्यांनी कपाटंच्या कपाटं वाचली आणि त्यांचे सगळे विषय इंग्रजीतून होते. जे पोचले नाहीत त्यांच्या इंग्रजीची आठवण कुणी काढत नाही. आज कानेटकरांच्या गावातली दूध घालून एसटी पकडणारी मुलगीही वर्गात आहे, आणि तिच्याकडं ते कपाट नाही.

आता राहिली परीक्षा. बारावीला इंग्रजीची लेखी ८० गुणांची आणि तोंडी २० गुणांची असते. पण तोंडी परीक्षेत मुलं पाठ केलेला परिच्छेद म्हणून दाखवतात आणि गुण सढळ हातानं पडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पदवीच्या आवश्यक इंग्रजीत संवादकौशल्याचे धडे आले, पण मुलाखतीत काय बोलावं हे मुलं कागदावर लिहितात आणि त्याची उत्तरंही गाइडात छापून मिळतात. जे लेखी विचारलं जातं तेच शिकवलं जातं. परदेशाहून शिकून आलेला प्राध्यापकही मार्चमध्ये तेच करतो, आणि मुलांच्या हितासाठीच करतो.

शंभर मुलांची खरी तोंडी घ्यायला वेळ कुठून आणायचा, असं यावर म्हटलं जातं. तोही हिशेब करून बघता येतो. मुलांना जोडीनं बोलवा. दोघांच्या हातात सुरेखाच्या वेळापत्रकासारखे दोन वेगवेगळे कागद द्या, आयत्या वेळी, आणि चार मिनिटं बोलू द्या. पन्नास जोड्या, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे २०० मिनिटं. चाळीस मिनिटांचे पाच तास. एका सत्रातून ते काढायचे तर वेळापत्रक करणाऱ्याशी जूनमध्येच बोलून ठेवायला हवं.